स्विमिंग पूलचे १ लाख १० हजार आणि अजेंड्यावर नसलेला विषय

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय, आणि सोसायट्यांमधून असे प्रश्न सारखे येतात. ६४ फ्लॅटची सोसायटी, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत बागेच्या जागी स्विमिंग पूल बांधायचं ठरलं, फ्लॅटमागे १ लाख १० हजार. हे वाचक रजिस्टरवर सही करून लवकर घरी गेले, मिनिट्सचा ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर आला तो उघडलाही नाही, आणि आता २१ टक्के व्याजाची नोटीस आल्यावर विचारतायत, आमच्या घरात कोणी पोहत नाही मग आम्ही का भरायचं?

पोहत नाही हा मुद्दा सोडून द्या. तळमजल्यावरचा माणूसही लिफ्टचे पैसे भरतोच ना. दमन सिंग खटल्यात १९८५ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सहकारी संस्थेत सभासद झालात की संस्थेपुढे तुमचं वेगळं अस्तित्व राहत नाही, कायदा आणि उपविधी, म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम, देतील तेवढेच हक्क. ठराव नीट झाला असेल तर तो तुम्हालाही बंधनकारक आहे.

पण नीट झालाय का? तुम्ही मिनिट्सचा जो फोटो पाठवलाय त्यात पूल आहे तो 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय' ह्याखाली, एका ओळीत, 'सर्वानुमते मंजूर'. सगळं इथेच ठरणार आहे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते आणि ज्याला रीतसर नोटीस लागते तो विषय आयत्या वेळी घेता येत नाही. ७० लाखांच्या वरचा खर्च आयत्या वेळचा कसा असेल! तेव्हा आजच सभेची मूळ नोटीस शोधा. तिच्या अजेंड्यावर पूल असेल तर माझा सल्ला सरळ आहे, पैसे भरा आणि हिशेब मागा.

नसेल तर मात्र एक दिवसही घालवू नका. ड्राफ्टवर हरकत घ्यायला १५ दिवस होते, ते तुम्ही फुकट घालवलेत, एक ईमेल केला असता तर आज केस कितीतरी भक्कम असती. तेवढ्याने हक्क बुडाला असं नाही, पण समोरचा वकील हे बोलणारच.

आता 'भरतच नाही, बघू काय करतात' असं म्हणून घरी बसाल तर सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली रजिस्ट्रारकडे वसुलीचा दाखला मागेल, आणि तिथे ठराव वैध की अवैध ह्यात सहसा कोणी शिरत नाही, ठराव आहे आणि थकबाकी आहे एवढंच बघतात. दाखला निघाला की रिव्हिजनसाठी, म्हणजे त्या दाखल्याविरुद्ध वर दाद मागायला, आधी निम्मी रक्कम भरा, आणि वसुली अधिकारी फ्लॅटवर जप्ती आणू शकतो ते वेगळंच. म्हणून त्याआधी सहकार न्यायालयात त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली ठरावाला आव्हान द्या आणि सोबत स्टेचा, म्हणजे तात्पुरत्या स्थगितीचा अर्ज. मूळ दाव्याला वर्षं लागतात, कधी जागेवर जजच नसतात आणि तारीख नुसती पुढे जाते, ह्याचा मलाही संताप येतो, पण म्हणूनच सगळा जोर स्टेवर हवा. आणि स्टे खोदकाम सुरू व्हायच्या आधी मागायचा. खड्डा पडला, कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स गेला की कोर्ट हात आखडतं.

बाकीचं कागद बघितल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. ती बाग मंजूर नकाशात आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे मोकळी ठेवायची जागा) म्हणून दाखवलेली असेल तर महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, तो मंजूर नकाशा मिळवा. सिंकिंग फंडातून पूल करा असं सुचवलंत ते मात्र कृपा करून सभेत बोलू नका, तो पैसा उद्या इमारत पुन्हा उभी करायला लागेल.

महिन्याचा मेंटेनन्स चालू ठेवा, वेगळ्या चेकने, मागे बिलाचा महिना लिहून, म्हणजे ती रक्कम पूलच्या खात्यात वळती करून तुम्हाला मेंटेनन्सचे थकबाकीदार दाखवता येणार नाही. आणि नोटिशीला ह्याच आठवड्यात लेखी उत्तर द्या, पोच घेऊन.