इमारतीच्या आवारातील पिल्लांना पार्वो झाला आहे. आजारी पिल्लाला आणि उरलेल्या पिल्लांना कसे वाचवावे?

आपण लिहिले आहे की आपल्या डोंबिवलीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये व्यालेल्या कुत्रीच्या पाच पिल्लांपैकी दोन रक्ती जुलाबांनी दगावली, तिसरे कालपासून उलट्या करीत असल्यामुळे आपण त्याला घरात घेतले आहे, आणि उरलेली दोन अजून खेळत आहेत. पिल्ले साधारण दोन महिन्यांची आहेत आणि शेजाऱ्यांनी दहीभात व हळद देण्याचा सल्ला दिला आहे. मी पशुवैद्य नाही. परंतु भटक्या कुत्र्यांची आजारी पिल्ले घरी ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांची शुश्रूषा करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे, त्या आधारावर हे लिहीत आहे. मात्र हे उत्तर पूर्ण वाचत बसू नका. त्या तिसऱ्या पिल्लाला आधी पशुवैद्यांकडे न्या. सकाळपर्यंत वाट पाहू नका. उरलेले उत्तर तिथे बसून वाचता येईल.

एवढी घाई कशासाठी, ते सांगते. शरीरात जिथे पेशी भराभर विभागत असतात, तिथे पार्वो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू वाढतो; पिल्लाच्या शरीरात अशी मुख्य ठिकाणे म्हणजे आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा. अस्तराची झीज भरून काढणाऱ्या पेशीच मरून गेल्यामुळे अस्तर सोलवटून निघते, अन्नपाणी शोषले जात नाही, उलट शरीरातील पाणी, क्षार आणि रक्त जुलाबावाटे बाहेर जाऊ लागते. आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जीवाणू त्या उघड्या पडलेल्या भिंतीतून रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी अस्थिमज्जेवर घाव पडल्यामुळे त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. पिल्लू दगावते ते बहुतेक वेळा शरीरातील पाणी संपल्यामुळे किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यामुळे. विषाणूला थेट मारणारे औषध आपल्याकडच्या दवाखान्यांत उपलब्ध नसते; त्यामुळे पिल्लाचे शरीर विषाणूशी लढणारी स्वतःची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करीपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, त्याला तगवून धरणे हाच उपचार आहे. उपचार न मिळालेल्या पिल्लांपैकी बहुतेक दगावतात, आणि दवाखान्यात वेळेवर चांगला उपचार मिळालेल्यांपैकी ८० ते ९० टक्के वाचतात. पार्वो म्हणजे मरणच, असे समजून पिल्लाला कोपऱ्यात सोडून देणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे आकडे मुद्दाम सांगत आहे.

निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून पार्वोचा संशय असल्याचे सांगा, आणि पिल्लाला तिथल्या फरशीवर किंवा बाकावर न ठेवता खोक्यात किंवा मांडीवरच्या टॉवेलमध्ये ठेवा, कारण त्याच रांगेत एखादे पिल्लू पहिल्या लसीसाठी आलेले असते. डॉक्टर बहुधा विष्ठेचा नमुना घेऊन किटवर चाचणी करतील, जिचा निकाल काही मिनिटांत मिळतो. रक्ती जुलाब जंतांमुळे किंवा गिळलेल्या वस्तूमुळेही होऊ शकतात, म्हणून ही चाचणी करून घ्यावी. परंतु आजाराच्या अगदी सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे लक्षणे तशीच असतील तर पार्वो समजूनच उपचार सुरू ठेवावेत. उपचारात शिरेतून सलाईन, त्यात गरजेप्रमाणे पोटॅशियम व ग्लुकोज, उलटी थांबवणारे इंजेक्शन, आणि रक्तात शिरणाऱ्या जीवाणूंसाठी अँटिबायोटिक, या गोष्टी असतात. पिल्लू निपचित पडले असेल तर कातडीखाली दिलेले पाणी नीट शोषले जात नाही. अशा वेळी शिरेतूनच सलाईन द्यावे लागते, आणि लहान पिल्लाची शीर मिळणे कठीण असले तरी त्याचा आग्रह धरावा.

रात्री दाखल करून घेणारा दवाखाना प्रत्येक गावात नसतो, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ओळखतात, आणि डोंबिवलीहून मध्य रेल्वेने तिथे पोहोचता येते. तरीही दाखल करणे शक्यच नसेल तर निराश होऊ नका. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतील पशुवैद्यांनी अशाच पिल्लांसाठी एक पद्धत आखली आहे, जिच्यात आधी शिरेतून सलाईन देऊन पिल्लाला सावरले जाते आणि त्यानंतर कातडीखाली सलाईन, उलटीविरोधी इंजेक्शन आणि दीर्घकाळ टिकणारे अँटिबायोटिक यांवर त्याला सांभाळले जाते. त्यांच्या अभ्यासात दाखल केलेल्या पिल्लांपैकी ९० टक्के वाचली, तर या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी ८० टक्के. अर्थात ही पद्धत रोज डॉक्टरांना दाखवूनच चालते.

आता घरातील शुश्रूषेविषयी सविस्तर लिहिते, कारण दवाखान्यातून परत आल्यावर चोवीस तासांपैकी जवळजवळ सगळे तास पिल्लू आपल्याच हातात असते. त्याचा वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. तिला त्याहून अधिक वेळ लागला, हिरडी चिकट लागली, किंवा ती मुळातच फिकट दिसली, तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजून लगेच डॉक्टरांना कळवा. पायाला सलाईनची सुई पट्टीने बांधून घरी पाठवले असेल तर त्या पायाचा पंजा वारंवार पाहत जा; बोटे सुजून एकमेकांपासून फाकलेली दिसली, तर पट्टी आवळली आहे किंवा सलाईन शिरेबाहेर जात आहे. अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. पार्वोच्या पिल्लाला सुरुवातीला ताप असतो, पण ते गार पडू लागले तर ती अधिक गंभीर खूण आहे. अशा वेळी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या पाठीशी ठेवा, उघडी बाटली अंगाला लावू नका. पिल्लू एकाएकी लुळे पडले किंवा थरथरू लागले तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. तेव्हा मधाचे किंवा ग्लुकोज पावडरच्या पाण्याचे बोट हिरड्यांना चोळावे आणि तडक दवाखाना गाठावा.

शेपटीखालचा भाग प्रत्येक जुलाबानंतर कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ओलसर राहिलेल्या त्या केसांत माश्या अंडी घालतात आणि आधीच गळून गेलेल्या पिल्लाला अळ्या पडतात. म्हणून खोक्यावर जुनी मच्छरदाणी पसरून ठेवावी.

खाण्याबाबत शेजाऱ्यांचा सल्ला प्रेमापोटीच आलेला आहे, पण तो बाजूला ठेवावा. उलट्या चालू असताना सिरिंजने किंवा चमच्याने पाणी, हळदीचे दूध, दहीभात असे काहीही बळेच पाजू नका. ग्लानीत असलेल्या पिल्लाच्या घशातून ते फुप्फुसात जाते आणि पार्वोतून वाचू शकणारे पिल्लू न्यूमोनियाने जाते. माणसांच्या औषधांतील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पूर्वी अशा पिल्लांना कित्येक दिवस उपाशी ठेवीत असत; आता मात्र उलट्या औषधाने आटोक्यात येताच थोडेथोडे अन्न सुरू करावे असे मानले जाते, कारण आतड्याच्या पेशींना भरून येण्यासाठी आतड्यातूनच पोषण मिळावे लागते. मी डॉक्टरांना विचारून बिनमिठाचे, बिनकांदालसणीचे उकडलेले चिकन मऊ भातात कुस्करून एक-दोन चमचे देते, आणि ते पोटात टिकले तर दोन-तीन तासांनी पुन्हा तेवढेच देते. दूध देत नाही. सुधारणा होऊन खाऊ लागलेले पिल्लू पुन्हा एकाएकी ओकू लागले आणि पोट धरू देईना, तर आतड्यात आतडे शिरल्याची शक्यता असते, आणि त्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

खेळत असलेल्या दोन पिल्लांना संसर्ग झालेला नाही असे गृहीत धरता येत नाही. शरीरात विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवडे जातात, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणूनच त्यांना वाचवण्याच्या हेतूने दुसऱ्या कोणाच्या घरी, जिथे आणखी पिल्ले आहेत अशा ठिकाणी, कृपया पाठवू नका. त्यांना आईबरोबर एका जागी ठेवा आणि दोन आठवडे प्रत्येकाच्या जेवणावर स्वतंत्र लक्ष ठेवा. दोघांना एकाच ताटलीत खायला दिले तर एकाने तोंड फिरवलेले कळत नाही, आणि पार्वोची पहिली खूण बहुधा तीच असते. लस आत्ता द्यावी का, हे डॉक्टरांना तपासून ठरवू द्या: पिल्लाला ताप नसेल आणि ते निरोगी दिसत असेल तर बरेच डॉक्टर देतात, मात्र संसर्ग आधीच झालेला असेल तर ती लस आता त्याला थोपवू शकत नाही. काळजी घेताना आधी या दोघांचे सर्व उरकून मग आजारी पिल्लाकडे जावे, त्याच्यासाठी कपडे व चपला वेगळ्या ठेवाव्यात आणि हात साबणाने चोळून धुवावेत. कुत्र्यांचा हा पार्वो माणसांना होत नाही, पण आपल्या तळव्यांवरून तो जिन्यापर्यंत आणि शेजारच्या फाटकापर्यंत पोहोचतो. घरी मांजर असेल तर तिच्या लसी पूर्ण आहेत ना, हेही पाहावे, कारण या विषाणूचे आजचे प्रकार मांजरांनाही बाधू शकतात.

पार्किंगची जागा फिनेलने धुऊन घेतली असे आपण लिहिले आहे. या विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, आणि सॅनिटायझर, फिनेल, डेटॉल यांसारखी नेहमीची द्रव्ये त्याच्यावर भरवशाने काम करीत नाहीत. आधी विष्ठा व घाण पूर्ण काढून जागा साबणाच्या पाण्याने घासावी, कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीचही वाया जाते. मग एक भाग घरगुती द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी, म्हणजे एका लिटरला साधारण ३३ मिली, असे मिश्रण ओतून जागा किमान दहा मिनिटे ओली ठेवावी आणि नंतर धुऊन टाकावी. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दगावलेल्या पिल्लांची गोणपाटे, खोकी आणि चिंध्या पिशवीत बांधून टाकून द्या. मातीच्या जागेला ब्लीचचा उपयोग होत नाही. सावलीतल्या ओलसर मातीत हा विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो, म्हणून त्या कोपऱ्यात वर्षभर तरी लस न झालेले पिल्लू येऊ देऊ नये.

आता लसीविषयी, कारण पुढच्या वेतातील पिल्ले तिच्यावरच अवलंबून आहेत. हा आजार जगात ठळकपणे १९७८ मध्ये दिसला, मांजरांच्या एका जवळच्या विषाणूशी त्याचे नाते आहे, आणि दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. तेव्हापासून चांगल्या लसी निघाल्या, तरीही लस दिलेले पिल्लू पार्वोने गेल्याचे आपण ऐकतो, त्याचे कारण बहुतेक वेळा अर्धवट सोडलेले डोस हे असते. जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी प्यालेल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात आणि ती सुरुवातीचे काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण हीच प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाही निकामी करतात. ती हळूहळू उतरत जातात, आणि मध्ये असा काळ येतो की खऱ्या विषाणूला रोखायला ती अपुरी पडतात आणि लसीला रोखायला मात्र पुरेशी असतात. हा काळ कोणत्या पिल्लात आठव्या आठवड्यात संपेल आणि कोणत्या पिल्लात सोळाव्या, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत जावे, आणि सोळा आठवड्यांनंतरचा डोस कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा डोस तोच आहे आणि लोक नेमका तोच सोडतात, कारण तोवर पिल्लू धष्टपुष्ट दिसू लागलेले असते. त्यानंतर सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान एक बूस्टर लागतो. पुढे पार्वोसाठी तीन वर्षांचे अंतर चालते, परंतु आपल्याकडच्या एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचाही भाग असतो आणि तो दर वर्षी द्यावा लागतो. कोकण, मुंबई आणि गोव्यासारख्या पावसाच्या प्रदेशात तो टाळू नये.

लस दुकानातून आणून स्वतः टोचण्याचा मोह होतो, तो आवरावा. ती २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, आणि पूड द्रवात मिसळल्यावर लगेच दिली गेली पाहिजे. उन्हातून पिशवीत आणलेली लस दिली काय आणि न दिली काय, सारखेच. पिल्लांच्या आईलाही लस द्या, ती दूध पाजायची थांबली की नसबंदी करून घ्या, आणि पिल्लांना जंताचे औषध वेळच्या वेळी पाजत राहा, कारण जंतांनी पोखरलेल्या पिल्लाला पार्वो फार जड जातो.

तिसरे पिल्लू वाचले, तर पार्वोपासून त्याला अनेक वर्षांचे संरक्षण मिळालेले असेल, पण बरे झाल्यानंतरही सुमारे दोन आठवडे त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू शकतो. मी अशा पिल्लाला महिनाभर इतर पिल्लांपासून दूर ठेवते, नंतर साबणाने आंघोळ घालून बाहेर काढते, आणि डॉक्टरांना विचारून डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारासाठी उरलेले डोस व तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस देते. त्याला कोणी दत्तक घेणार असेल तर घरात लस न झालेले दुसरे पिल्लू नाही ना, हे आधी विचारा, त्याला पार्वो होऊन गेला आहे हे स्पष्ट सांगा, आणि डॉक्टरांच्या सहीचे लसीकरणाचे कार्ड त्याच्यासोबत द्या.