टेलोमिअर: टोपण की अंत्यखंड?

पुण्यातल्या एका प्राध्यापिकेचा प्रश्न आहे: "कीटकांच्या गुणसूत्रांवर मराठीत लेख लिहितेय. 'टेलोमिअर'ला 'टोपण' म्हटलं तर चालेल का? मुलांना पटकन कळतं."

'टोपण' नको, असं माझं ठाम मत आहे. टोपण ही वेगळी वस्तू, काढून बाजूला ठेवता येते. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राचंच टोक. आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९३८ साली हा शब्द 'टेलोस' म्हणजे शेवट आणि 'मेरोस' म्हणजे भाग या ग्रीक शब्दांवरून घडवला. क्ष-किरणांनी तुटलेली टोकं एकमेकांना जुळतात, मूळची टोकं मात्र जुळत नाहीत, हे त्यांना फळमाशीत दिसलं होतं. (आपल्याकडे शेतकऱ्याची फळमाशी निराळी. ही प्रयोगशाळेतली म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट, हे लेखात एकदा सांगाच.) तेव्हा 'अंत्यखंड' हाच नेमका शब्द.

पण तुमच्या विषयात खरी मेख पुढेच आहे. अंत्यखंड ही झाली जागा, आणि तिथे पुन्हा पुन्हा येणारी डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) हा झाला 'अंत्यक्रम'. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की कीटकांबद्दल लिहिताना घोटाळा होणारच. रेशीमकिड्यात हा क्रम टीटीएजीजी आहे, तो १९९३ साली सापडला आणि पुढे इतर बऱ्याच कीटकांत दिसला. माणसात त्यालाच आणखी एक जी लागतो. पिठात होणाऱ्या तांबूस किड्यात मात्र टीसीएजीजी! आणि चिलटात यातलं काहीच नाही. क्रम वाढवणारं टेलोमरेज हे विकरच (एन्झाइमच) त्याच्याकडे नाही. डीएनएचे काही फिरते तुकडे स्वतःची प्रत काढून टोकाला जोडत राहतात आणि झीज भरून काढतात. म्हणून 'या माशीला टेलोमिअर नाही' असं लिहू नका. अंत्यखंड आहे, नेहमीचा अंत्यक्रम नाही.

उत्क्रांतीच्या भागात तर हा फरक पाळावाच लागेल. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली की संख्या घटते. घरगुती रेशीमकिड्यात २८ जोड्या आहेत, जपानमधल्या त्याच्या रानटी भावंडात २७. अशा जोडणीत जुना क्रम कधीकधी मधोमध अडकून राहतो. माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रात तो तसा सापडतो. तिथे 'मधला अंत्यखंड' म्हणणं विसंगत होईल. 'गुणसूत्राच्या मध्ये उरलेला अंत्यक्रम' म्हणा, वाक्य जरा लांबलं तरी चालेल.