थंड इंजिन अडखळतंय? आधी मीटर लाव
पेट्रोल फवारणारे इंजेक्टर लगेच काढू नकोस. गरम झाल्यावर गाडी सुरळीत चालते ना? मग संशय तापमान ओळखणाऱ्या भागांवर. बॉशच्या एल-जेट्रॉनिक या जुन्या इलेक्ट्रॉनिक पेट्रोल-इंजेक्शनमध्ये कूलंट सेन्सर (इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणारा) बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, थंडीत पेट्रोल वाढवतो. रात्रभर उभ्या गाडीत सेन्सरचा कनेक्टर काढून सेन्सरला मल्टीमीटर लाव आणि रेझिस्टन्स मोज: २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. थंडीतच आकडा फार कमी आला, तर ईसीयूला इंजिन गरम वाटतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. कनेक्टरच्या पिनाही बघ. मी हिरवट गंज न पाहता उगाच नवा सेन्सर घेतला होता! मग थंड आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हचा, म्हणजे थंड इंजिनाला जादा हवा देणाऱ्या व्हॉल्व्हचा, पाइप चिमटून बघ. आरपीएम पडले नाहीत, तर व्हॉल्व्ह बंदच अडकलाय. आणि हो, ऑइलचं झाकण घट्ट लाव. तिथून शिरलेली हवा इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर-फ्लो मीटरला दिसत नाही, म्हणून तिच्यापुरतं पेट्रोल मिळत नाही.