स्किन प्रेप करताना वाळू दे आधी
अगं, नवीन आहेस म्हणून सांगते, स्किन प्रेप म्हणजे सुई किंवा ऑपरेशनआधी त्वचा जंतुनाशकाने साफ करताना सोल्युशन कुठलं यापेक्षा ते वाळू देतेस का हे जास्त बघ. २% क्लोरहेक्सिडीन ७०% अल्कोहोलमधलं असेल तर ३० सेकंद नीट घासायचं आणि मग आपोआप वाळू द्यायचं, फुंकर नाही, कापसाने टिपणं नाही, आणि एकदा वाळलं की व्हेन परत बोटाने चाचपायची नाही, ही चूक तर सगळेच करतात! बीटाडीनला जास्त वेळ लागतो, दोनेक मिनिटं धरून चाल. कॉटरी (रक्तस्राव थांबवायला उष्णतेने डागण्याचं उपकरण) वापरणार असतील तर अल्कोहोल ओलं राहिलं की भडका उडू शकतो, पेशंटच्या अंगाखाली साठलेलंही बघ. डोळ्याजवळ, कानात क्लोरहेक्सिडीन नकोच. आणि ॲलर्जी आधी विचार गं.