सरळ वर उडणाऱ्या सी हॅरियरला चढ कशाला?

प्रश्न: शाळेत असताना बाबांसोबत गेटवेवरून बोटीने जुनी विमानवाहू नौका विक्रांत बघायला गेलो होतो, तेव्हा तिचं म्युझियम केलेलं होतं. डेकचा पुढचा भाग चांगला वर उचललेला होता. सी हॅरियर हे लढाऊ विमान तर जागेवरून सरळ वर उडायचं ना, मग तो चढ कशाला? – एक वाचक, लालबाग

उत्तर: उडायचं हो, पण रिकाम्या हाताने! त्याच्या पेगासस इंजिनाचा जोर सुमारे ९.७ टन आणि फुल्ल लोड केलेल्या विमानाचं वजन जवळपास ११.९ टन, म्हणजे सरळ वर जायचं तर इंधन नाहीतर मिसाईल, काहीतरी खाली ठेवूनच जा. एअर शोला ठीक आहे, पब्लिक टाळ्या वाजवते, लढाईत काय करायचं त्याचं?

म्हणून धावायचं. धावताना इंजिनाचे चारही नॉझल, म्हणजे झोत सोडणाऱ्या तोट्या, मागे रोखलेले असतात, चढाच्या टोकाला आलं की पायलट थ्रॉटलशेजारचा छोटा लिव्हर ओढतो, नॉझल तिरके खाली वळतात, थोडं वजन इंजिन पेलतं थोडं पंख, आणि गंमत म्हणजे त्या क्षणी विमानाचा स्पीड नुसत्या पंखांवर उडण्याइतका नसतोच, पण चढाने वर भिरकावल्यामुळे स्पीड पकडायला काही सेकंद जास्तीचे मिळतात, बस्स. आयडिया ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर या अधिकाऱ्याची. आपल्याकडे सी हॅरियर १९८३ ला आलं, विक्रांतला चढ नंतर बसवला, विराट ही दुसरी विमानवाहू नौका मात्र ब्रिटिशांकडून आली तीच १२ अंशांच्या चढासकट.

उतरताना मात्र खरंच सरळ खाली. नौदलाचं आत्ताचं लढाऊ विमान मिग-२९के म्हणजे दादरला लोकल थांबायच्या आत उडी मारणारा माणूस, वेगात येणार आणि शेपटीच्या हुकाने डेकवरची वायर पकडणार. हॅरियर आधी जहाजाच्या बाजूला हवेत थांबायचं, मग आडवं सरकून डेकवर बसायचं. आपल्या उकाड्यात हवा विरळ, इंजिनाचा दम कमी पडतो, म्हणून इंजिनात चक्क पाणी फवारायची सोय होती, आणि ते पाणी साधारण दीड मिनिटात संपायचं! तेवढ्यात उतरा.

२०१६ ला सी हॅरियर रिटायर झालं. तुम्ही बघितलेली विक्रांत त्याआधीच, २०१४ ला, मुंबईतल्या दारूखाना भागात, जिथे जुनी जहाजं तोडतात, भंगारात निघाली, तिचं थोडं पोलाद बजाजच्या व्ही बाईकमध्ये गेलंय, सिग्नलला शेजारी दिसली तर बघा.