जर्मनीत प्रौढांच्या भाषावर्गात आपल्याला झेपेल ती पातळी कशी निवडावी?

तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीचे माझेच दिवस डोळ्यांसमोर आले. तुम्ही लिहिलंय की वय ४६ आहे, वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात जर्मन शिकलात आणि आता मिस्टरांच्या नोकरीमुळे श्टुटगार्टजवळच्या गावात राहायला आलात. तिथल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांच्या शाळेत, पातळी ठरवायची चाचणी दिली, कागदावर बी१ (सहा पायऱ्यांतली तिसरी) आलं, पण बेकरीत पाव मागायला गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही. मग बी१ च्या वर्गात बसायचं की खाली उतरायचं? आणि नाना पातळ्यांची, नाना वयांची माणसं एकाच वर्गात कोंबलेली असतात, तिथे शिकणं होतं का?

एक पायरी खाली बसा. आणि हो, तिथे शिकणं होतं. माझं तरी खरं शिकणं तिथेच झालं.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले होते. मार्क चांगले होते, विशेषणांचे प्रत्यय झोपेत विचारले तरी सांगितले असते. इथे आल्यावर चाचणी दिली. बहुतेक ठिकाणी ती रिकाम्या जागा भरण्याची असते आणि सोबत पाच-दहा मिनिटांच्या गप्पा. रिकाम्या जागा मी भराभर भरल्या, मला बी१ च्या दुसऱ्या भागात बसवलं. पहिल्याच संध्याकाळी घर बदलण्यावर चर्चा होती. सगळे एकमेकांची वाक्यं तोडत बोलत होते. मी मनात वाक्य जुळवायचे, कर्ता, क्रियापद, विभक्ती तपासायचे, आणि ते तयार होईपर्यंत विषय दुसरीकडे गेलेला असायचा. अख्खं सत्र मी असं गप्प काढलं. घरी येताना ट्राममध्ये रडू यायचं, हे आजही लिहिताना जाणवतं.

सत्र संपताना बाईंनी मला थांबवून घेतलं आणि फार प्रेमाने सांगितलं की पुढच्या वेळी एक पायरी खाली, ए२ च्या शेवटच्या भागात बसा. मला अपमान वाटला. तरी बसले.

त्या वर्गात माझ्या शेजारी क्रोएशियाचा एक गवंडी होता, पन्नाशी उलटलेला. नऊ वर्षं बांधकामावर राहून तो धडाधड जर्मन बोलायचा. डेअर, डी, दास या तिन्ही लिंगांच्या जागी तो एकच 'दे' म्हणून पुढे जायचा, आणि समोरच्याला सगळं कळायचं. लिहिता मात्र त्याला ओळभरही यायचं नाही. एकदा बाईंनी घरमालकाला पत्र लिहायला दिलं: भिंतीला बुरशी आली आहे, हीटर तापत नाही. मला बुरशीला 'शिमेल' म्हणतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. ती खिडकीच्या कोपऱ्यात का धरते, मालक आधी काय उत्तर देतो, त्यावर काय म्हणायचं, हेही ठाऊक होतं. तो बोलत गेला, मी लिहीत गेले. मध्येच मी विचारायचे, इथे चतुर्थी लागते ना? तो खांदे उडवायचा आणि पुढचं वाक्य सांगायचा. अर्ध्या तासात आमचं पत्र तयार झालं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. तिघांनी आपापल्या मालकाला पाठवायला ते उतरवून घेतलं.

तो आणि मी कागदोपत्री एकाच पातळीचे, पण आमच्यात जमीन-अस्मानाचा फरक. कारण पातळी हा एकच आकडा नाही. ए१ ते सी२ या सहा पायऱ्या युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केल्या, आणि त्याच आराखड्यात स्वतःला तपासायचा एक तक्ता आहे. त्यात ऐकणं, वाचणं, दुसऱ्याशी बोलणं, सलग बोलणं आणि लिहिणं असे पाच वेगळे रकाने आहेत. तो तक्ता इंटरनेटवर फुकट मिळतो. शांतपणे बसून प्रत्येक रकान्यात आपण कुठे आहोत ते भरा. वाचण्यात बी१, लिहिण्यात बी१, ऐकण्यात ए२ आणि बोलण्यात ए१ असं काहीतरी निघेल असा माझा अंदाज आहे. पुस्तकातून भाषा शिकलेल्या आपल्या पिढीचं बहुधा असंच असतं. वर्ग निवडायचा तो सगळ्यात मागे पडलेल्या रकान्याकडे बघून. वाचता येणाऱ्या माणसाला सोप्या वर्गात पुस्तकाचं ओझं राहत नाही, सगळं लक्ष कान आणि जिभेवर देता येतं.

मिश्र वर्गाची धास्ती घेऊ नका. फोल्क्सहोखशूले ही बहुतेक ठिकाणी गावाच्या नाहीतर शहराच्या पैशावर चालणारी प्रौढांची शाळा. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत १४८ व्या कलमात तिचा नाव घेऊन उल्लेख होता, आणि कितीतरी गावांतल्या शाळा त्याच सुमाराच्या आहेत. तिथे कोणीही येऊ शकतं, हाच तिचा पाया. त्यामुळे वर्गात इंजिनिअर, न्हावी, नर्स, आजी, सगळे असणारच. अनुभवी बाई एकाच मजकुरावर तीन कामं देतात: कोणी चित्रांशी वाक्यं जुळवायची, कोणी प्रश्नांची उत्तरं लिहायची, कोणी सारांश तोंडी सांगायचा. मला तोंडी सारांशाचंच काम द्या असं स्वतःहून मागून घ्या. लेखी काम तुम्हाला सोपं जाईल म्हणून आपोआप तेच पुढे येतं, ते टाळा.

वयाचं म्हणाल तर नंतर मी तिथेच स्पॅनिशच्या वर्गाला गेले. त्या वर्गात निवृत्त जर्मन मंडळी होती, काही सत्तरीच्या पुढची. त्यातल्या दोघी मैत्रिणी ए२ चा वर्ग तिसऱ्यांदा करत होत्या. वरच्या वर्गात जायची त्यांना घाई नव्हती. त्यांना स्पेनच्या मायोर्का बेटावर गेल्यावर मासळीबाजारात बोलायचं होतं आणि ते त्या मजेत बोलत होत्या. एकच वर्ग पुन्हा करणं म्हणजे नापास होणं, हे आपल्या डोक्यात शाळेनं घातलंय. इथे तसं कोणी मानत नाही.

आता तासांचा हिशोब, कारण इथे खूप जणांची फसगत होते. संध्याकाळचा वर्ग आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटांचे दोन तास. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर ३० तास झाले, आणि वर्षात सत्रं बहुधा दोनच. याउलट परदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात भाषेचे ६०० तास असतात, शंभर-शंभरचे सहा भाग, आणि वर देशाच्या ओळखीचे १०० तास. म्हणजे तिथला एक भाग रोजच्या सकाळच्या वर्गात चार-पाच आठवड्यांत संपतो, आणि तेवढेच तास संध्याकाळच्या वर्गात भरायला दीड वर्षाच्या वर लागतं. तुमची नोकरी अजून सुरू झालेली नाही, तर निदान दोन-तीन महिने रोजचा वर्ग धरा. एकात्मता अभ्यासक्रमाला कोणाला घेतात, फी किती, सूट कोणाला, हे नियम बदलत राहतात. तुमच्या व्हिसावर काय लागू होतं ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारून घ्या. नागरिकत्वासाठी बी१ चं प्रमाणपत्र लागतं, पण त्याला अजून वर्षं आहेत. त्याची चिंता आत्ता वर्ग निवडताना करू नका.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम सांगते. वर्गात इंग्रजीच्या आधाराने जर्मन शिकू नका, मराठीच्या आधाराने शिका. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच, त्यामुळे नपुंसकलिंग ऐकून आपण दचकत नाही. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा ते पाठच करावं लागतं, पण तिसरं लिंग असतं म्हणजे काय ते रक्तात आहे. 'मला थंडी वाजते', 'मला आवडतं' यातलं 'मला' तेच जर्मनमध्ये 'मिर': मिर इस्ट काल्ट, मिर गेफेल्ट दास. इंग्रजीतून आलेला माणूस इथे अडखळतो. 'कारण मी दमलेली आहे' यात क्रियापद शेवटी येतं, 'वाइल इष म्यूडे बिन' मध्येही शेवटीच. आकड्यांचं तर विचारूच नका. एकवीस म्हणजे एक आणि वीस, आइन-उंट-त्स्वान्त्सिग, अगदी त्याच क्रमाने. अडीच वाजले याला जर्मन माणूस 'हाल्ब द्राय' म्हणतो, अर्धा तिसरा. आपल्या 'अडीच'चं मूळही संस्कृतातलं 'अर्धतृतीय'च आहे. आणि जर्मन झेड अक्षराचा उच्चार अवघड वाटला तर 'चमचा' म्हणून बघा, तोच तो च. माझ्या वर्गातल्या स्पॅनिश मैत्रिणीला 'त्सेन' (दहा) म्हणायला आठवडा लागला, मला एक मिनिट.

हे मला कळलं त्या दिवसापासून मनात वाक्य जुळवायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. चार महिन्यांनी मी दातांच्या डॉक्टरांकडे फोनवर वेळ घेतली. पलीकडच्या बाईंनी मला दोनदा 'काय म्हणालात?' विचारलं, मी दोन्ही वेळा फोन न ठेवता पुन्हा सांगितलं. गुरुवार, हाल्ब द्राय.

वर्गाबाहेर फाउ-हा-एसचं (फोल्क्सहोखशूलेचंच लघुरूप) लर्नपोर्टाल हे शिकायचं संकेतस्थळ वापरा, मोफत आहे आणि ऐकण्याचे धडे भरपूर आहेत. शहराच्या ग्रंथालयात श्प्राखकाफे, म्हणजे जर्मनमध्ये गप्पा मारायची बैठक, असेल तर जा, तिथे परीक्षा नाही, कोणी वही तपासत नाही.

आणि नाव नोंदवण्याआधी दोन्ही वर्गांत एकेक दिवस बसू द्या असं काउंटरवर सांगा. पुष्कळ ठिकाणी जागा असेल तर बसू देतात. वाक्य असं म्हणा: 'कान इष आइनमाल प्रोबेवाइझे मिटमाखेन?' ज्या वर्गात पहिल्या अर्ध्या तासात तुमच्या तोंडून न ठरवता एखादं वाक्य निघेल, तिथे नाव घाला.