पशुपालन : तुमचे प्रश्न

प्रश्न : काका, मी इंदूरला खाजगी नोकरीत आहे. देपालपूरजवळ घरची चार एकर शेती आहे. दिवाळीनंतर मारवाडातून माळव्यात उतरणाऱ्या कळपांतली 50 नर कोकरं घ्यावीत, गोठ्यात पोसून बकरी ईदला विकावीत, असं मनात आहे. घरचे विचारतात, हे काय करिअर झालं? तुम्ही यातच हयात काढलीत. काय सांगाल?

उत्तर : माझ्या घरीही पाहुण्यांना ‘हे शेती बघतात’ एवढंच सांगितलं जायचं. ते सोडा.

50 नको, 15 घ्या. चरून वाढलेल्या कोकराला दाण्याची सवय नसते. आल्याआल्या मक्याचा भरडा ओतलात तर पोटात आम्ल होतं. त्यात आंत्रविषार (ईटी, आतड्यातल्या जंतूंचं विष अंगात भिनणं) झाला, तर सगळ्यांत तगडं, खादाड कोकरूच पहाटे आडवं सापडतं. सुरुवातीला हरभऱ्याचा भुसा आणि पाणी, मग मूठभर खुराक, आणि तो दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. ईटीची लस आल्याबरोबर टोचा, दुसरा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. तोवर दाणा बेतानंच. गाईम्हशींचं खनिज मिश्रण घरात पडलंय म्हणून घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साचतं आणि विषबाधा होते.

15 किलोचं कोकरू वजनाच्या 4 टक्के धरलं तर रोज 600 ग्रॅम सुका चारा-दाणा खातं. वाढेल तसं जास्त. दिवसाला 100 ग्रॅम वाढलं, तर तीन महिन्यांत 24 किलो. वाढ एवढीच मिळते, म्हणून घेतानाच घासाघीस करा. शिंग मुळातून मोडलेलं, लंगडं घेऊ नका, कुर्बानीला चालत नाही. व्यापारी कमरेवर पंजा ठेवून कणा चाचपतो. हाडाची टोकं बोटांना टोचली की भाव पडलाच. तुम्हीही आठवड्याला चाचपत जा, आणि काटा स्वतःचा ठेवा.

ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते. 2025 मध्ये 7 जूनला होती, 2030 मध्ये एप्रिलात येईल. पोसायचे दिवस कमी होत जाणार, तेव्हा मटणवाल्याशीही आत्ताच ओळख काढा.

राष्ट्रीय पशुधन अभियानाचं 50 टक्के अनुदान पैदाशीच्या युनिटला आहे, 100 माद्या आणि 5 नरांपासून पुढे. नुसतं पोसून विकण्याला नाही. मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दमडी देऊ नका.

आणि तुम्ही इंदूरला, कोकरं देपालपूरला. पहाटे गव्हाणीत कोण डोकावणार, ते पत्रात लिहिलेलंच नाही. ते कळवा, मग 50 चं बोलू.